मुलगा चौथीत आहे, वाचन अडतं. शाळा म्हणते रिसोर्स रूमला पाठवा. पाठवू का?

ताई, तुमचा प्रश्न दोन-तीनदा वाचला. थोडक्यात तो असा: मुलगा चौथीत, सेमी इंग्रजी. वाचताना अडखळतो, ओळ सुटते, शब्दाचं पहिलं अक्षर बघून पुढचं अंदाजाने ठोकून देतो. तोंडी विचारलं तर परिसर अभ्यासाची उत्तरं धडाधडा सांगतो. वर्गशिक्षिका म्हणतात, 'त्याचं लक्षच नसतं.' आता शाळेने आठवड्यातून दोन दिवस स्पेशल एज्युकेटरकडे म्हणजे विशेष शिक्षिकेकडे, रिसोर्स रूममध्ये (अडणाऱ्या मोजक्या मुलांना वर्गाबाहेर शिकवायच्या खोलीत) पाठवायला तुमची संमती मागितली आहे. सासूबाईंना वाटतं पोरावर शिक्का बसेल, मिस्टरांना वाटतं त्यापेक्षा चांगली ट्यूशन लावावी, आणि तुम्हाला काळजी आहे की त्या तासांना वर्गात जे शिकवतील ते बुडेल.

मी बावीस वर्षं हेच काम करते. आधी एका अनुदानित मराठी शाळेच्या रिसोर्स रूममध्ये होते, आता तीन शाळांमध्ये फिरून काम करते आणि तिथल्या शिक्षकांबरोबर बसते. उत्तर आधीच देते: पाठवा. फक्त सही करण्याआधी शाळेला एक प्रश्न विचारा, 'त्याचं वाचन नेमकं कुठे अडतंय, आणि त्या तासात तुम्ही त्याच जागी काम करणार आहात का?' माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हा आहे. शिक्का, ट्यूशन, बुडणारा तास या सगळ्याचा निकाल या एका उत्तरावर लागतो. तास मिळाला म्हणजे मदत मिळाली असं होत नाही. वर्षभर रिसोर्स रूममध्ये बसूनही जिथल्या तिथे राहिलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यात सुरुवातीच्या काळात माझ्या हाताखाली बसलेलीही आहेत.

त्यातली एक मुलगी आजही आठवते. सहावीत होती, वाचन फार हळू. मी नवीन होते. 'वाचता येत नाही' एवढंच ऐकलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली: मुळाक्षरं, बाराखडी, तक्ते. दिवाळीपर्यंत आम्ही बाराखडीच करत होतो. एक दिवस ती हळूच म्हणाली, 'बाई, हे मला येतं.' आणि खरंच येत होतं. तिला एकेक अक्षर येत होतं, शब्दही जुळवता येत होते. पण प्रत्येक शब्द दर वेळी नव्याने जुळवावा लागायचा, त्यामुळे वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत वाक्याची सुरुवात विसरायची. तिला हवा होता वाचनाचा ओघ. मी तिला चार महिने बाराखडी दिली. तेव्हापासून पहिले दोन-तीन तास मी काहीही शिकवत नाही, फक्त शोधते.

काय शोधते ते सांगते, म्हणजे शाळेत काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

सगळ्यात आधी एक सोपी गोष्ट करून बघा, घरीच. त्याच्या इयत्तेचा पण त्याने न वाचलेला एक उतारा घ्या. अर्धा तुम्ही वाचून दाखवा आणि त्यावर चार प्रश्न विचारा. उरलेला अर्धा त्याला वाचू द्या आणि त्यावर चार प्रश्न विचारा. ऐकलेल्याची उत्तरं नीट आली आणि वाचलेल्याची आली नाहीत, तर त्याची समज शाबूत आहे. अक्षरावरून आवाजाकडे जाण्याची वाट अडली आहे. दोन्हींची उत्तरं आली नाहीत, तर गोष्ट वेगळी: शब्दसंपत्ती कमी असेल, घरची बोली वेगळी असेल, किंवा ऐकण्यातच काही अडचण असेल. पावरी, गोंडी किंवा बंजारा बोली बोलणाऱ्या घरातलं मूल पुस्तकातल्या प्रमाण मराठीपाशी अडतं तेव्हा त्याला वाचनाच्या विशेष तासाआधी भाषेचा पूल हवा असतो. तुमच्या वर्णनावरून तुमचा मुलगा पहिल्या प्रकारात बसेल असं वाटतं. पण मी त्याला पाहिलेलं नाही, त्यामुळे खात्रीने सांगणार नाही.

मग कानाची बाजू. अक्षर न दाखवता विचारायचं, ''कमळ' मधला 'क' काढला तर काय उरेल?' ''वाटी' मधला 'वा' काढून 'पा' लाव.' हे पहिली-दुसरीच्या बहुतेक मुलांना खेळासारखं जमतं. चौथीतलं मूल इथे घुटमळलं तर मी कान टवकारते, कारण वाचनाचा पाया डोळ्यांपेक्षा जास्त या आवाज सुटे करण्यावर उभा असतो.

त्यानंतर आपली लिपी. लोक म्हणतात मराठी जसं लिहितो तसं वाचतो, मग अवघड काय? अवघड आहे. व्यंजनं ३४, प्रत्येकाची बाराखडी धरली तर ४०८ अक्षरं. ङ आणि ञ बाजूला ठेवले तरी पावणेचारशेच्या वर. जोडाक्षरं वेगळीच. म्हणून देवनागरी वाचायला शिकणारं मूल पहिलीत सगळं संपवू शकत नाही. ही शिकवणी तिसरी-चौथीपर्यंत चालते, आणि इथेच पुष्कळ मुलं मागे पडतात, कारण वर्ग पुढे निघून गेलेला असतो. त्यात लिपीचा एक स्वभाव आहे: डोळ्यांना जे आधी दिसतं ते कानाला आधी ऐकू येईलच असं नाही. 'कविता' हा शब्द घ्या. ऱ्हस्व वेलांटी 'व'ची, पण ती 'क' आणि 'व' यांच्या मध्ये उभी असते. डावीकडून एकेक चिन्ह उचलणारं मूल ती 'क'ला लावतं आणि वाचतं 'किवता'. तसंच 'शनिवार'चं 'शिनवार' होतं. 'वर्ग' मधला रफार दिसतो 'ग'च्या डोक्यावर, बोलायचा मात्र 'ग'च्या आधी; मूल वाचतं 'वगर'. हे निष्काळजीपणाने होत नाही. मुलाने नियम धरलेला आहे, पण चुकीचा, आणि तो नेमका कोणता हे शोधून काढणं हेच स्पेशल एज्युकेटरचं काम.

म्हणून मी चुका लिहून ठेवते, आणि जशा ऐकू आल्या तशा. घ-ध, भ-म, थ-य यांत गोंधळ आहे की मात्रांमध्ये, की फक्त जोडाक्षरांत? आणि अर्थ नसलेले शब्दही वाचायला देते: 'लामू', 'टेपी', 'गुसो'. ओळखीचा शब्द मूल आठवणीने वाचू शकतं. 'गुसो' आठवणीने वाचता येत नाही, तो जुळवावाच लागतो. तिसरीतला एक मुलगा मराठीचा अख्खा धडा न चुकता म्हणून दाखवायचा. आईला वाटायचं वाचतोय. मी पोस्टकार्डाला एक शब्द मावेल एवढी खिडकी कापली आणि त्याच धड्यावर मधेच कुठेतरी ठेवली. शब्द होता 'डोंगर'. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग त्याने धडा मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. ओठ हलत होते. वर्गात मागे पडू नये म्हणून या पोराने केवढी मेहनत घेतली होती! अशा मुलांना कोणी आळशी म्हटलं की मला फार लागतं.

डोळे आणि कान तपासून घ्या, हे सांगायची गरज नसावी, पण सांगते. चष्मा नसल्यामुळे किंवा एका कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे 'वाचन कच्चं' ठरलेली मुलं माझ्याकडे दरवर्षी येतात.

आता 'त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनअक्षमता आहे का?' हा तुमच्या प्रश्नामागचा न विचारलेला प्रश्न. असू शकेल, नसूही शकेल. नीट वाचता न येणारं प्रत्येक मूल वाचनअक्षम नसतं. 'असर' या शाळकरी मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत २०२४मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला नाही. एवढ्या सगळ्यांना काही अक्षमता नाही; त्यांना पुरेसं आणि नीट शिकवलं गेलेलं नाही, किंवा ऊसतोडीसारख्या स्थलांतरात, २०२०-२१च्या बंद शाळांमध्ये त्यांची पायाभरणीची वर्षं गेली. फरक कळतो तो शिकवल्यावर. शिकवण्याची उणीव असेल तर नेमकं आणि रोज शिकवल्यावर मूल दोन-तीन महिन्यांत भराभर पुढे सरकतं. अक्षमता असेल तर तेच शिकवूनही पाऊल फार सावकाश पडतं, काल आलेलं आज निसटतं, आणि पुष्कळदा घरात आणखी कोणाला तरी लहानपणी हाच त्रास झालेला असतो. मिस्टरांना, काका-मामांना एकदा विचारून बघा. बुद्धीशी याचा संबंध नाही. रंगीत चष्मे, डोळ्यांचे व्यायाम, स्मरणशक्तीची औषधं यांनी वाचनअक्षमता जाते याला आधार नाही. तिथे पैसे घालवू नका.

तपासणी कधी करावी? तुमचा मुलगा नऊ वर्षांचा असेल, म्हणजे वय झालेलं आहे. अध्ययन अक्षमतेचं (वाचन-लेखन-गणित शिकण्यातल्या अक्षमतेचं) प्रमाणपत्र साधारणपणे आठ वर्षं पूर्ण झाल्यावर देतात. तपासणीत बुद्ध्यंक चाचणी आणि वाचन-लेखन-गणिताच्या शैक्षणिक चाचण्या असतात आणि दोन-चार फेऱ्या होतात. चाचणी त्याच्या भाषेत व्हायला हवी हे आवर्जून बघा. मराठी माध्यमाच्या मुलाची इंग्रजी वाचनचाचणी घेऊन ठरवलेलं निदान मी मानत नाही. मराठीतून साधनं उपलब्ध आहेत: मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेल्या 'डाली' या संचात हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीही आहे, आणि त्यात पहिली-दुसरी आणि तिसरी ते पाचवी अशा वयोगटांसाठी शिक्षकांनी भरायच्या चाळणी चाचण्याही आहेत. मात्र प्रमाणपत्रासाठी सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयातच जावं लागतं. मुंबईत शीव आणि नायर रुग्णालयांतले अध्ययन अक्षमता विभाग हे काम कितीतरी वर्षं करत आहेत. इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. गर्दी असते, तारीख लांबची मिळते.

म्हणून एक गोष्ट अगदी जोर देऊन सांगते: तारखेची वाट बघत मदत थांबवू नका. प्रमाणपत्र सवलती देतं. वाचायला शिकवत नाही. दहावीला मंडळाकडून दर तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक अशा सवलती मिळतात, त्या ज्याला लागतात त्याला मिळायलाच हव्यात. पण चौथीत लेखनिक देऊन मोकळं होऊ नये असं माझं मत आहे. या वयात हात आणि डोळे दोन्ही अजून शिकू शकतात.

इथवर आलो ते एवढ्यासाठी: आधी अडण्याची जागा शोधायची, मग शिकवायचं, आणि निदानाची फाइल बाजूने चालू ठेवायची. आता त्या खोलीत काय होतं ते बघू, कारण सासूबाईंच्या भीतीचं खरं उत्तर तिथे आहे.

समजा तुमच्या मुलाची अडण्याची जागा ऱ्हस्व वेलांटी निघाली. माझा तास ३५ मिनिटांचा. पहिली पाच मिनिटं जुन्या शब्दपट्ट्या, म्हणजे त्याला नक्की येणारे शब्द. सुरुवात जमणाऱ्या गोष्टीने व्हावी हा माझा नियम आहे. मग पुस्तक बंद, कानाचा खेळ: मी 'कि' म्हणते, तो 'कि'पासून सुरू होणारे शब्द सांगतो: किडा, किल्ला, किती. मग पुठ्ठ्याची सरकपट्टी. खिडकीच्या आधी लाल रंगाची वेलांटी चिकटवलेली, आणि पट्टी ओढली की खिडकीत एकेक व्यंजन येतं: कि, मि, दि, वि. प्रत्येक वेळी तो बोटाने वेलांटीपासून व्यंजनापर्यंत कमान काढतो आणि त्यानंतरच बोलतो. बोट कमानीवरून गेल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. हीच गोष्ट ताटात पसरलेल्या रव्यावर बोटाने लिहून, मोठ्याने म्हणत. डोळा, कान, तोंड, हात चौघांनी एकच गोष्ट एकाच वेळी केली की ती टिकते, हा माझा अनुभव आहे. मग शब्द: किडा, दिवा, विहीर. आणि मग तो शब्द, ज्याने त्याला सतावलं: क-वि-ता. मी तो तीन पट्ट्यांवर लिहिते, 'वि' एकाच पट्टीवर. पट्ट्या लांब ठेवल्या की वेलांटी कोणाची याबद्दल शंकाच उरत नाही. हळूहळू पट्ट्या जवळ सरकवायच्या, शेवटी एकमेकींना चिकटवायच्या. पहिल्यांदा अख्खा 'कविता' सरळ वाचला जातो तेव्हा मूल तुमच्याकडे वर बघतं. त्या नजरेसाठी मी हे काम करते.

त्यानंतर चार शब्दांचं आणि एका वाक्याचं श्रुतलेखन, ज्यात न शिकवलेलं एकही अक्षर नसतं. शेवटची सात-आठ मिनिटं गोष्ट: तो एक ओळ, मी एक ओळ. ही गोष्ट त्याच्या वाचनाच्या पातळीची असते, इयत्तेच्या पातळीची नाही, पण बाळबोध नको. नऊ वर्षांच्या मुलाला चिऊकाऊची गोष्ट दिली की त्याला अपमान वाटतो. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि मोफत आहेत; मी त्यांतल्या पुष्कळ वापरते.

आता तुम्हीच बघा, ट्यूशन याला पर्याय होऊ शकते का? ट्यूशनमध्ये धडा आठवा असेल तर आठवाच चालतो, गृहपाठ पुरा होतो, प्रश्नोत्तरं पाठ होतात. वाईट काहीच नाही, पण तुमच्या मुलाला पाठांतर आधीच चांगलं जमतं. त्याच जोरावर तो चौथीपर्यंत आला आहे. पाचवीनंतर प्रत्येक विषय वाचून शिकायचा असतो, आणि तिथे हा जोर कमी पडू लागतो.

शाळेशी बोलताना या गोष्टी विचारा. आठवड्यातून दोन दिवस कमी आहेत. अर्ध्या तासाचे चार तास मिळाले तर दोन मोठ्या तासांपेक्षा कितीतरी बरे, कारण अशा मुलांना विसरायला दोन दिवस पुरतात. शाळेला ते जमत नसेल तर उरलेले दिवस घरी दहा मिनिटं काय करायचं ते शिक्षिकेकडून लिहून घ्या. गटात तीन-चारच मुलं असावीत, आणि तीही एकाच जागी अडलेली. दहा मुलांचा गट म्हणजे पुन्हा वर्गच. शिकवणाऱ्या व्यक्तीकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का हे विचारायला लाजू नका. आम्हाला नोंदणी क्रमांक असतो आणि तो विचारला तर आम्हाला राग येत नाही. आणि कुठल्या तासाला बोलावणार? खेळाच्या आणि चित्रकलेच्या तासातून उठवून रिसोर्स रूमला अजिबात पाठवू नका. दिवसभर वाचनापाशी हरणाऱ्या मुलाची जिंकण्याची तीच एक जागा असते. मी शक्यतो मराठीच्याच तासाला घेते, म्हणजे बुडालं तरी मराठीच्या बदल्यात मराठीच मिळते. गणिताचा तास चुकत असेल तर मात्र बदलून मागा.

आणि रिसोर्स रूममध्ये जे शिकवतात ते वर्गशिक्षिकेला कळतं का? माझ्या मते सगळ्यात जास्त शाळा इथे कमी पडतात. अर्धा तास खोलीत मूल 'कविता' वाचायला शिकतं आणि परत वर्गात गेल्यावर अख्ख्या वर्गासमोर उभं करून त्याला परिच्छेद वाचायला लावतात. आठवड्याची मेहनत एका मिनिटात जाते. मी वर्गशिक्षकांकडे थोड्याच गोष्टी मागते. अचानक मोठ्याने वाचायला उभं करू नका. वाचायला द्यायचंच असेल तर चार ओळी आदल्या दिवशी सांगा, तो तयारी करून येईल. प्रश्नपत्रिका त्याला वाचून दाखवा. विज्ञानाच्या उत्तरात शुद्धलेखनाचे गुण कापू नका. फळ्यावरचं उतरवायला थोडा जास्त वेळ द्या, किंवा शेजारच्याच्या वहीचा फोटो घरी पाठवा. 'लक्ष नाही' म्हणणाऱ्या बाईंना दोष देऊ नका. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात, ज्याला समोरचं वाचता येत नाही ते मूल खिडकीबाहेर बघताना दिसतं. बाईंना दिसणारं चूक नाही, फक्त त्यामागचं कारण त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. त्याच्या चुकांचा कागद त्यांना दाखवा. 'किवता' आणि 'वगर' एकदा पाहिलं की शिक्षकांचा सूर बदलतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

शाळेचं हे काम उपकाराचं नाही, हेही मनात असू द्या. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि ती लवकरात लवकर ओळखून योग्य उपाय करणं ही शिक्षणसंस्थांची जबाबदारी मानली आहे. ऑक्टोबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा असं प्रमाण सांगितलं. प्रत्यक्षात जिल्हा परिषदेच्या शाळांत एक विशेष शिक्षक कितीतरी शाळांमध्ये फिरतो आणि एका मुलापर्यंत आठवड्यातून एकदा पोचला तरी पुष्कळ. तुमच्या शाळेत खोली आहे आणि शिक्षिका आहे, हे भाग्यच म्हणा. ज्यांच्या शाळेत नाही त्यांनी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांना भेटावं. तोंडी विनंती हवेत जाते.

घरी काय कराल? रोज दहा मिनिटं, एका ठरलेल्या वेळी. त्याच्या शेजारी बसून दोघांनी एकाच वेळी मोठ्याने वाचायचं, तुमचं बोट शब्दाखाली. तो अडला तर तीन सेकंद थांबा आणि शब्द सांगून टाका. 'नीट बघ', 'काल तर आलं होतं' ही वाक्यं घरातून काढून टाका. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावू नका. चुकीचा नियम दहा वेळा पक्का होतो. आणि रात्री झोपताना तुम्ही त्याला वाचून दाखवा, त्याला आवडेल ते, भले ते त्याच्या वाचनाच्या पुढचं असो. वाचन सुधारेपर्यंत त्याची भाषा आणि उत्सुकता अडून राहता कामा नये. पाठ्यपुस्तक मोठ्या अक्षरांत हवं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ घेऊन मोठं करून छापा. मोबाइलवर वाचणार असेल तर एक बारीक गोष्ट: पुष्कळ फोनवर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात. आपल्या मुलांनी शाळेत पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' गिरवलेला असतो. अडणारं मूल तिथे उगीच आणखी अडतं.

सेमी असल्यामुळे इंग्रजीचा प्रश्न येणारच. माझं मत: आधी मराठीचा पाया. एका लिपीत आवाज सुटे करून जोडणं जमलं की दुसऱ्या लिपीला त्याचा हात लागतो. इंग्रजी वर्षभर तोंडी, ऐकण्या-बोलण्याची चालू ठेवा. सगळ्याच मुलांना हा क्रम लागू पडेल असं नाही. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला मी वेगळं सांगितलं असतं.

आता सासूबाईंचं 'शिक्का बसेल'. ही भीती खोटी नाही. आमच्या शाळेत एक मुलगी तासाची घंटा झाली की बाथरूममध्ये जाऊन उभी राहायची, आमच्या खोलीत शिरताना कोणी बघू नये म्हणून. तेव्हा आम्ही खोलीतलं गोष्टींच्या पुस्तकांचं कपाट मधल्या सुट्टीत सगळ्यांसाठी उघडलं. महिन्याभरात वर्गातली हुशार म्हणवली जाणारी मुलंही आत येऊन बसू लागली आणि त्या दारातून आत जाणं ही काही विशेष गोष्ट राहिली नाही. तुमच्या शाळेला हे सुचवून बघा. पण सासूबाईंना एक सांगा, ताई: खोलीत न गेल्याने शिक्का टळत नाही. 'लक्ष नाही' हा शिक्काच आहे, आणि तो त्याला रोज ऐकू येतो.

मुलाला काय सांगायचं, असंही तुम्ही विचारलंय. खरं सांगा. मी असं सांगते: 'तुझं डोकं छान चालतं, मी बघितलंय. अक्षरांमधल्या काही युक्त्या तुला अजून कोणी नीट दाखवल्या नाहीत. त्या शिकायला थोडा वेळ लागेल आणि आपण त्या एकेक करून शिकू.' मुलं हे ऐकून सुटकेचा श्वास टाकतात, कारण आपण ढ आहोत असं त्यांनी मनाशी ठरवलेलं असतं.

किती दिवस लागतील, याचं उत्तर त्याची अडण्याची जागा आणि आठवड्यातले तास यांवर आहे. मी पालकांना एक शैक्षणिक वर्ष धरायला सांगते, आणि वाचनअक्षमता निघाली तर त्याहून बरंच जास्त. पण प्रगती दिसायला वर्ष लागता कामा नये. या रविवारी त्याला तिसरीच्या पातळीचा, न वाचलेला उतारा द्या, एक मिनिट लावा आणि बरोबर वाचलेले शब्द मोजा. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानाने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला ६० शब्द धरले आहेत. त्या आकड्याशी त्याची तुलना आत्ता करू नका, आणि आकडा त्याला सांगूही नका. तारीख, शब्द आणि चुका वहीत लिहून ठेवा. दर महिन्याला त्याच पातळीचा नवा उतारा, पुन्हा एक मिनिट. तीन महिन्यांत आकडा हलला नाही आणि चुकाही त्याच राहिल्या, तर ती वही घेऊन स्पेशल एज्युकेटरकडे जा आणि म्हणा, 'आपण चुकीच्या जागी काम करतोय का, पुन्हा एकदा बघू या.' चांगली शिक्षिका त्या वहीचं स्वागतच करेल. पहिल्या मिनिटाचे शब्द आणि चुका मला कळवा. पुढचं त्यावरून सांगता येईल.